शून्य टक्क्यांचा अहवाल

माझ्या प्रबंधाचा पहिला साम्य अहवाल, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो ते संगणकावर तपासून सांगणारा अहवाल, शून्य टक्के आला, त्या संध्याकाळी मी पाव किलो पेढे घेऊन मार्गदर्शकांच्या घरी गेले होते. तारीख होती १५ मार्च २०२४. सरांनी एक पेढा उचलला, अहवालाचे पहिले पान पाहिले आणि पेढा बशीत परत ठेवला. "मॅडम, शाहू महाराजांच्या काळावर तीनशे पानं लिहून शून्य कसं येईल?" एवढेच ते म्हणाले. प्रबंध पूर्ण झाल्यापासून तो प्रत्यक्ष सादर होईपर्यंत माझे पाच महिने त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले. मराठीतून पीएच.डी. करणाऱ्या आणि आता वाङ्मयचौर्य तपासणीच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून तो प्रवास जसा झाला तसा लिहीत आहे.

मी कोल्हापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. नोंदणी २०१८ ची. विषय करवीर (कोल्हापूर) संस्थानातील विद्यार्थी वसतिगृहे, १९०१ ते १९४७. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये सुरू झाले आणि त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम आणि इतर समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. दसरा चौकात उभे राहून नजर फिरवली तर त्यातली काही आजही दिसतात. हा विषय कोल्हापूरकरांच्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे की त्यावर लेख, गौरवग्रंथ, स्मरणिका आणि प्रबंध यांचा ढीग आहे. म्हणजे साम्य निघणार हे ठरलेलेच होते, आणि सरांचा संशय तिथूनच सुरू झाला.

नियम आधी सांगून टाकते, कारण ते माझ्यासकट फारच थोड्यांनी मुळातून वाचलेले असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये यासंबंधीची नियमावली काढली. तिच्यानुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठमध्ये सुधारित प्रबंध देण्यास एक वर्षाची बंदी येते आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. तपासणीतून काय वगळायचे हेही तिथेच आहे: श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, तसेच सर्वसाधारण संज्ञा आणि कायदे. सामान्य ज्ञान म्हणून किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही धरायचे नाही. शेवटी विद्यार्थ्याने स्वतःचे हमीपत्र द्यायचे आणि मार्गदर्शकाने प्रमाणपत्र. सरांची सही त्या प्रमाणपत्रावर लागणार होती, त्यामुळे पेढा बशीत परत ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

शून्याचे रहस्य सरांनीच पाच मिनिटांत उलगडले. त्यांनी माझी पीडीएफ फाईल उघडली, पहिल्या प्रकरणातली एक ओळ निवडली आणि ती कॉपी करून व्हॉट्सॲपवर मला पाठवली. माझ्या मोबाईलवर जे उमटले ते मराठी नव्हतेच. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची ती खिचडी होती. प्रबंध टायपिंगवाल्या काकांनी युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या काळातल्या, जुन्या फॉन्टमध्ये टंकित केला होता. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरेच. त्यांवर देवनागरीचे चित्र चढवलेले असते. आपल्याला 'शिक्षण' दिसते, यंत्राला निरर्थक अक्षरांची माळ दिसते, आणि तशी माळ जगात दुसरीकडे कुठेही नसल्यामुळे ते प्रामाणिकपणे शून्य टक्के सांगते. मी सगळाच्या सगळा प्रबंध दुसऱ्याचा उचलून दिला असता तरी उत्तर हेच आले असते.

तुमच्या फाईलवर ही व्हॉट्सॲपची चाचणी आजच करून पाहा. तिला एक रुपयाही लागत नाही. मी ती २०१९ मध्ये केली असती, तर पुढचे अर्धे दुखणे टळले असते.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. प्रबंधाची ३१८ पाने त्यांनी पानाला तीस रुपये दराने, चार वर्षे तुकड्यातुकड्याने टंकित केली होती. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी गोलगोल बोलत होते, ते मात्र शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही एकट्या न्हाई. ह्या महिन्यातल्या तिसऱ्या. कन्व्हर्ट करून देतो, पण वेलांट्या तुमच्या तुम्ही बघायच्या." पानाला आठ रुपये ठरले, एकूण दोन हजार पाचशे चव्वेचाळीस. वेलांट्यांच्या इशाऱ्याचा अर्थ फाईल हाती आल्यावर कळला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. या अदलाबदलीत शेकडो वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटल्या होत्या. 'वसतिगृह' हा माझ्या प्रबंधाचा प्राण असलेला शब्द चार वेगवेगळ्या प्रकारांनी मोडला होता. रफार हरवले होते आणि 'ऱ्या'च्या जागी चौकोन आले होते.

तरीही मला घाई झाली होती. वरवर दुरुस्त केलेली फाईल मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तपासणीला दिली. पद्धत अशी होती की मार्गदर्शकांच्या सहीचा अर्ज, शुल्काची पावती आणि फाईल ग्रंथालयातल्या तपासणी कक्षात द्यायची, आणि अहवाल मार्गदर्शकांच्या ईमेलवर यायचा. दर तपासणीला ५९० रुपये पडले. इन्फ्लिबनेट या अनुदान आयोगाच्या केंद्राच्या 'शोधशुद्धी' योजनेमुळे २०१९ पासून विद्यापीठांना अशी तपासणीची सोय मिळाली आहे. माझ्या आधीच्या पिढीतल्या संशोधकांना ती ठाऊकही नव्हती. अहवाल आला: एकोणीस टक्के.

मी वेलांट्या दुरुस्त करायला बसले. परीक्षांचे पेपर तपासून झाल्यावर रोज रात्री दहा पाने. त्यात लोकसभेची निवडणूक आली. कोल्हापूरचे मतदान ७ मे रोजी होते, माझी नेमणूक लागली होती आणि कक्षातलेही दोघे निवडणुकीच्या कामाला गेले होते, त्यामुळे महिनाभर अर्ज करून उपयोग नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात अत्यंत शुद्ध, वेलांटीन् वेलांटी जागेवर असलेली फाईल मी दिली आणि साम्य एकतीस टक्के निघाले.

माझा विश्वास बसेना. मधल्या काळात मी एकही नवे वाक्य लिहिले नव्हते. फक्त शुद्धलेखन सुधारले होते. सर हसले. यंत्र शब्द जुळवते, अर्थ नव्हे; मोडकी वेलांटी असलेला शब्द त्याला जुळत नव्हता, म्हणून एप्रिलमध्ये साम्य कमी दिसले. जसजशी मी फाईल शुद्ध करत गेले तसतसे तिला आपले सगळे नातेवाईक सापडत गेले. हा प्रकार कळल्यावर माझ्या मनात एक नकोसा विचार येऊन गेला, तो लिहूनच टाकते: अशुद्ध लिहिणारा या तपासणीतून सहज सुटतो. अक्षरांत मुद्दाम फेरफार करून टक्के उतरवून देणारी माणसे असतात, असे एका सहकारी संशोधकाने मला सांगितले होते. त्या सहकाऱ्याचा स्वतःचा मार्ग वेगळा होता, पण तोही फसला. त्याने प्रबंध सादर करण्याआधी खात्री म्हणून बाहेरच्या एका दुकानात बाराशे रुपये देऊन तपासून घेतला. तिथे त्याची फाईल यंत्र ज्याच्याशी मजकूर ताडून पाहते त्या साठ्यात जमा झाली आणि पुढच्या अधिकृत तपासणीत त्याचा प्रबंध त्याच्याच प्रबंधाशी जवळजवळ पूर्ण जुळला. ते निस्तरायला त्याला दोन महिने आणि तीन अर्ज लागले. कुठेही तपासायला देताना फाईल साठ्यात ठेवली जाणार नाही ना, हे आधी विचारा आणि शक्य असल्यास लेखी घ्या.

एकतीस टक्के पाहून दोन रात्री झोप लागली नाही. आपण चोर ठरलो अशीच ती भावना होती. तिसऱ्या दिवशी सरांनी मला जुळणारा मजकूर लाल दाखवणाऱ्या अहवालाची रंगीत प्रत काढायला लावली आणि वहीत रकाने आखून दिले: साम्य कुठले, कुणाशी, आणि का. सबंध आठवडा मी ते भरत होते, आणि वही भरत गेली तसा धीर आला.

सुमारे सहा टक्के संदर्भसूचीचे होते. सूची वगळण्याची सोय चालू होती, पण 'संदर्भसूची' या मराठी शीर्षकावरून यंत्राला सूची कुठे सुरू होते ते उमगले नव्हते. ती पाने वेगळी काढून फाईल दिली की प्रश्न मिटतो, आणि नियमही त्याला परवानगी देतात. तीन टक्के बिरुदांचे आणि तारखांचे होते. 'करवीर संस्थानचे अधिपती राजर्षी छत्रपती शाहू महाराज यांनी २६ जुलै १९०२ रोजी' असे लिहिले की बारा शब्द झाले. पुढचे तीन शब्द कुणाशी जुळले की चौदाची मर्यादा ओलांडली. कोल्हापूरच्या इतिहासावर लिहिणाऱ्या माणसाने ही बिरुदावली प्रत्येक वेळी पूर्ण लिहू नये, हा धडा मी घेतला. पाच टक्के माझेच होते: नोंदणीच्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रसिद्ध केलेला शोधलेख आणि चर्चासत्रातले निबंध. स्वतःचे लिखाण आहे म्हणून ते आपोआप माफ होते असे मला वाटे. परंतु आयोगाने एप्रिल २०२० मध्ये स्वतंत्र सूचना काढून, आपलाच प्रसिद्ध मजकूर योग्य संदर्भाशिवाय पुन्हा वापरणेही अमान्य असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणून त्या जागी तळटिपा दिल्या आणि लेखांच्या प्रती जोडून सरांचे पत्र घेतले.

सर्वांत मोठा वाटा, अकरा टक्क्यांचा, मूळ कागदपत्रांच्या अवतरणांचा होता. मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखणारा १९०२ चा जाहीरनामा, वसतिगृहांना जागा आणि अनुदान देणारे हुकूम, हे मी शब्दशः दिले होते, तळटिपांसह. परंतु लांब उतारे आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय छापण्याची आपली पद्धत यंत्राला कळत नव्हती. आणि जिथे चिन्हे होती तिथे ती एकेरी होती, जी त्याने मोजलीच नाहीत. दुहेरी चिन्हे घातल्याबरोबर बहुतेक लाल रंग उतरला. दरम्यान, जाहीरनामा स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणजे टक्के कमी होतील, असा सल्ला मला तिघांनी दिला. तो मी ऐकला नाही. पुराभिलेखागारात बसून मूळ लेखाशी अक्षर न् अक्षर ताडून घेतलेला मजकूर टक्क्यांसाठी बदलायचा, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाने आपलाच पुरावा बिघडवायचा.

राहिले सहा टक्के. ते खरे होते. दुसऱ्या प्रकरणात, संस्थानच्या शैक्षणिक पार्श्वभूमीत, मी दोन-तीन ग्रंथ समोर ठेवून लिहिले होते आणि क्रियापदे बदलली म्हणजे मजकूर आपला झाला अशा समजुतीत होते. ती चौदा पाने मी पुस्तके मिटवून नव्याने लिहिली. पूर्वी जे चौदा पानांत होते ते नऊ पानांत मावले, कारण माझे स्वतःचे म्हणणे तेवढेच होते.

जुलैच्या शेवटी पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली. काकांचे घर पूरपट्ट्यात असल्याने त्यांचे संगणक बहिणीकडे हलवले गेले होते. सुदैवाने आता माझी फाईल माझ्याच हातात होती. ३० जुलै रोजी चौथा अहवाल आला. सात टक्के. चार तपासण्यांचे मिळून २,३६० रुपये झाले होते. मी प्रमाणपत्राचा नमुना भरून सरांकडे नेला. ते म्हणाले, "यंत्राचं झालं. आता सगळा प्रबंध एकदा मोठ्यानं वाचा, कुणाला तरी ऐकवा, मग सही." मला ती निव्वळ खोड वाटली.

ऐकायला घरी एकच माणूस मोकळे होते, माझ्या सासूबाई. त्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. रोज जेवणानंतर मी वाचायचे आणि त्या वाती वळत ऐकायच्या. बहुतेक वेळा डुलकीही काढायच्या. चौथ्या प्रकरणात, मुलांच्या भोजनव्यवस्थेच्या वर्णनात, त्यांचे हात थांबले. "थांब. हे तू लिहिलेलं नाहीस."

"मीच लिहिलंय, आई."

"विद्यार्जनार्थ म्हणतेस होय तू? आख्ख्या आयुष्यात तुझ्या तोंडी हा शब्द ऐकला नाही मी."

मी वाद घातला. पण परिच्छेद पुन्हा वाचताना माझाच आवाज मला परका वाटू लागला. वाक्ये लांब, डौलदार, थोडी भाषणबाज होती. माझी तशी नसतात. मध्यरात्री माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. २०१७ च्या एका वहीत, नोंदणीच्याही आधी, पेन्सिलीने तो परिच्छेद होता: वर एका वसतिगृहाच्या जुन्या स्मरणिकेचे नाव, खाली उतारा, आणि अवतरणचिन्ह नाही. पुढे त्या वहीवरून दुसऱ्या वहीत कच्चा मसुदा उतरवताना स्मरणिकेचे नाव गळले आणि परिच्छेद माझा होऊन बसला. आठवड्याभराने त्या संस्थेत जाऊन स्मरणिका पुन्हा मागवली. पिवळी पडलेली, पाने सुटलेली, संपादकाचे नाव असलेला पुठ्ठा गायब. सलग नऊ ओळी शब्दशः त्यातल्या होत्या. वहीतून अशाच आणखी दोन जागा निघाल्या, दोन-दोन ओळींच्या.

चार तपासण्यांत यातले एक अक्षरही लाल झाले नव्हते, आणि होणारही नव्हते. ती स्मरणिका कुठल्याही संकेतस्थळावर नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मराठी प्रबंध आहेत, पण मी चाळलेल्यांपैकी कित्येक नुसत्या पानांची छायाचित्रे आहेत किंवा माझ्या पहिल्या फाईलसारखे जुन्या फॉन्टचे आहेत. डोळ्यांना दिसतात, यंत्राला नाहीत. माझ्या तिसऱ्या प्रकरणात संस्थानच्या इंग्रजी प्रशासकीय अहवालांतल्या उताऱ्यांचा मी केलेला अनुवाद आहे. त्याला तळटीप दिली नसती तरी आमच्या अहवालाने हूं की चूं केले नसते. एकतीस टक्क्यांसाठी मी दोन रात्री जागले, आणि खरी उचल होती ती सात टक्क्यांच्या बाहेर, लाल रंग न लागलेल्या कोऱ्या पानावर.

सरांना सांगायला जाताना पाय जड झाले होते. त्यांनी ऐकून घेतले, प्रमाणपत्राचा कागद खणात ठेवला आणि म्हणाले, "चौथं प्रकरण ठेवून जा." चार दिवसांनी बोलावले. नऊ ओळी अवतरण म्हणून ठेवल्या, स्मरणिकेचा पृष्ठ क्रमांकासह संदर्भ दिला, संपादकाच्या जागी 'नाव उपलब्ध नाही' असे लिहिले. मग सही झाली. २२ ऑगस्ट रोजी हमीपत्र, प्रमाणपत्र, अहवाल आणि प्रबंधाच्या प्रती घेऊन मी खिडकीवर उभी राहिले. तिथल्या लिपिकांनी अहवालावरचा सात हा आकडा पाहिला, गोल केला आणि पावती दिली. सगळे मिळून दीड मिनिट लागले असेल.

मौखिकी मार्च २०२५ मध्ये झाली. टक्क्यांविषयी कुणीही विचारले नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र चौथे प्रकरण उघडून ती स्मरणिका कुठे पाहायला मिळेल, असे विचारले, आणि मी पत्ता सांगितला.

पदवी मिळाल्यावर प्रबंधाची प्रत शोधगंगेसाठी पाठवली गेली; या वेळी युनिकोडमध्ये. परवा सरांना भेटले तेव्हा ते म्हणाले की पुढे कुणी विद्यार्थी ती स्मरणिका हाताळून त्याच नऊ ओळी उतरवून घेईल, तेव्हा त्याच्या अहवालात त्या लाल होतील आणि शेजारी उगम म्हणून माझे नाव येईल. मी घरी आल्यावर अपलोड झालेली फाईल उघडली, ते पान काढले आणि त्यावरची तळटीप कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवली. स्मरणिकेचे नाव, पृष्ठ क्रमांक, 'नाव उपलब्ध नाही'. सगळ्या वेलांट्या जागेवर होत्या.